डॅशबोर्ड उघडण्याआधी : गाडीचा टेप बदलायची तयारी

कंपनीचा टेप काढून बाजारातली सिस्टीम बसवायची ठरली की सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. गणपतीला गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी किंवा दसरा-दिवाळीच्या गर्दीत हे काम काढू नका. त्या दिवसांत ॲक्सेसरीजच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागलेली असते, एकेका फिटरकडे तीन-तीन गाड्या असतात, आणि कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, जुळला नाही की तो सरळ वायरच कापतो. मधल्या वारी, दुकान उघडायच्या वेळी गाडी लावा आणि अर्धा दिवस तिथेच थांबायची तयारी ठेवा. स्वतः हात घालणार असाल तर अख्खा रविवार मोकळा ठेवा. काम दिवसाउजेडी आणि आडोशाला करा.

वायर कापण्याचा विषय मी एवढ्या लवकर का काढला ते सांगतो. माझ्या आधीच्या गाडीत एका दुकानात टेप बसवला, तेव्हा कंपनीचे दोन्ही कपलर छाटून वायरी हातानेच पिळल्या होत्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. बाहेरून सगळं छान दिसत होतं. एक उन्हाळा गेला. डॅशच्या आत तापून त्या पट्टीचा डिंक पातळ झाला, गुंडाळी सुटली, आणि चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात उघडी पडलेली पिवळी वायर आतल्या लोखंडी पट्टीला टेकली. टेप गेला, आतला दिवा गेला, सेंट्रल लॉक गेलं. सगळं एकाच फ्यूजवर होतं आणि तो फ्यूज उडाला म्हणूनच गाडी वाचली. नंतर वायरमनने डॅश उघडून दाखवला तेव्हा त्या जागी वायरीचं आवरण करपून तपकिरी झालेलं होतं. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसतो : गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लागता कामा नये. बाकीची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

दुकानात जाण्याआधी घरी बसून कागदावर लिहा की नेमकं काय खटकतंय. आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो? मोबाइलचा नकाशा मोठ्या पडद्यावर हवाय? रिव्हर्स कॅमेरा लावायचाय? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. फक्त आवाजाची तक्रार असेल तर माझं स्पष्ट मत असं की टेपला हात न लावता आधी पुढच्या दोन दारांचे स्पीकर बदला आणि दारांना डॅम्पिंग करून घ्या, म्हणजे पत्र्याचा कंप दाबणारे थर आतून चिकटवून घ्या. मोठ्या पडद्याच्या टेपमागे बरेच चांगले स्पीकर आले तरी पातळ दार खडखडतच राहिलं, अशा गाड्या मी कितीतरी ऐकल्या आहेत. नकाशा आणि फोन हवा असेल तर मात्र टेपच बदलावा लागतो. तिथे कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा, गाणी टेपच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) नीट चालतात का ते स्वतःचा फोन जोडून दुकानातच बघा. मी रॅम किती, पडदा किती इंची यापेक्षा चावी फिरवल्यावर टेप किती सेकंदांत जागा होतो हे आधी बघतो. रिव्हर्स घेताना पडदा अजून लोगोच दाखवत असेल तर कॅमेऱ्याचा काय उपयोग?

मग माप. टेपच्या तोंडाच्या ठरलेल्या मापाला डिन म्हणतात. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत खाच २०० मिलिमीटर रुंद असते, तिथे डबल डिनच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लागतात. हल्लीच्या गाड्यांत कंपनीचा टेप डॅशच्या आकाराचाच असतो, म्हणून तुमच्या मॉडेलची आणि वर्षाची फ्रेम वेगळी घ्यावी लागते. फ्रेम हातात घेऊन बघा. हॅझर्डचं, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लावायचं, बटण मूळ पॅनलवर असेल तर ते नव्या फ्रेममध्ये बसतं का? एसीच्या जाळ्या मोकळ्या राहतात का? ज्या गाडीत एसीची किंवा गाडीची सेटिंग्ज त्याच पडद्यातून होतात, तिथे मी टेप बदलायला सांगणार नाही. तो तसाच ठेवून त्याच्या स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणारा ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावा. आवाज सुधारतो आणि गाडीचं काही बंद पडत नाही.

फ्रेमबरोबरच कपलर घ्यायचा. मारुतीचा वेगळा, हुंडाईचा वेगळा, फोक्सवॅगन-स्कोडाचा आणखी वेगळा. एका टोकाला तुमच्या गाडीचा आणि दुसऱ्या टोकाला नव्या टेपचा, असा तयार जोड मिळतो. सगळ्या खर्चात हीच वस्तू सगळ्यात स्वस्त, आणि दुकानदार सांगायला विसरतो तीही हीच. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मागा. ‘नाही लागत हो, आम्ही जॉइंट मारून देतो’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

आता वायरींचे रंग. बाजारातल्या बहुतेक टेपांना पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जाणारी. नुसती निळी अँटेनाला, निळी-पांढरी ॲम्प चालू करायला, नारिंगी पार्किंग लाइटबरोबर पडद्याचा उजेड कमी करायला. पुढचे स्पीकर पांढरा डावा आणि करडा उजवा, मागचे हिरवा डावा आणि जांभळा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. हे रंग नव्या टेपचे झाले. गाडीच्या बाजूच्या रंगांवर विसंबू नका, तिथे मल्टिमीटर लावा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला साधा डिजिटल मीटर सहज मिळतो आणि तो पुढे घरातही उपयोगी पडतो.

मोजायची पद्धत अशी. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी पिन डॅशमागच्या कोऱ्या लोखंडी बोल्टला टेकवा आणि लाल पिन कपलरच्या एकेका खाचेत हलकेच लावा. चावी खिशात असतानाही साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते ती बॅटरीची वायर. चावी पहिल्या टप्प्यावर आणल्यावर जागी होते ती लाल वायरीची जोडीदार. पार्किंग लाइट लावल्यावर जागी होते ती उजेडाची. काही युरोपीय गाड्यांत पहिल्या दोघींच्या जागा उलट्या असतात. ते लक्षात आलं नाही तर दर वेळी चावी काढली की टेप सगळी सेटिंग्ज विसरतो, आणि लोक टेप खराब म्हणून परत करतात. जोडामध्येच पिवळी-लाल अदलाबदल करायची छोटी पिन असते का ते बघा.

स्पीकरची दिशा ओळखायला पेन्सिल सेल पुरतो. टेपचा कपलर काढलेला असतानाच हे करा. स्पीकरच्या दोन वायरींना दीड व्होल्टच्या सेलची टोकं क्षणभर टेकवा. ‘टप्’ असा आवाज येतो आणि स्पीकरचा पडदा हलतो. जाळी काढून जवळून बघा : पडदा बाहेर आला तर सेलची बटणाकडची बाजू ज्या वायरीला होती ती पॉझिटिव्ह. आत गेला तर उलटं. एक दार सरळ आणि एक उलटं जोडलं गेलं तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. टेप महागाचा, स्पीकर महागाचे, तरी ढोलकी कुठेतरी लांबून वाजल्यासारखी येते. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि दुकानात ती पाच मिनिटं सहसा कोणी देत नाही, म्हणून तुम्हीच आग्रह धरा.

स्टिअरिंगवरची बटणं चालणार का, हे आधी विचारा. साध्या गाड्यांत ती दोन वायरींवरून येतात आणि टेपला एकेक बटण दाबून शिकवता येतं. ज्या गाड्यांत हा संदेश कॅनबसवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या डेटाच्या वायरींवरून, येतो, तिथे वेगळी डिकोडरची डबी लागते. २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. काही मॉडेलांत त्यांचा आवाज किंवा चित्र कंपनीच्या टेपमधूनच येतं. टेप काढल्यावर बीप कुठून येणार, याचं उत्तर फिटरकडून आधीच घ्या. एफएमचंही तसंच. बऱ्याच अँटेनांच्या बुडाशी छोटा बूस्टर असतो आणि त्याला करंट निळ्या वायरीतून मिळतो. ती जोडलीच नाही तर शहरात एफएम लागतो आणि हमरस्त्यावर नुसती खरखर येते.

हिरवट रंगाची एक वायर हँडब्रेकला जोडायची असते, म्हणजे गाडी चालू असताना व्हिडिओ दिसत नाही. ती सरळ अर्थला जोडून सोडायची बाजारात पद्धत पडली आहे. मी जोडू देत नाही, तुम्हीही देऊ नका. घाटात ड्रायव्हरच्या नजरेसमोर चालता पडदा नको.

खोक्यावरच्या ‘५० वॉट बाय ४’ या आकड्याला भुलू नका. तो क्षणभराचा कमाल आकडा आहे. बारा व्होल्टच्या गाडीत टेपमधल्या ॲम्पचे सतत मिळणारे वॉट, म्हणजे आरएमएस, एका स्पीकरमागे वीसच्या आसपास असतात. चार ओहमचे, कमी ताकदीवरही खुलणारे स्पीकर घ्या. वूफर लावायचाच तर वेगळा ॲम्प लागणार. मग बॅटरीपासून जाड तांब्याची वायर ओढा आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत तिच्यावर फ्यूज लावा, त्यापेक्षा लांब नको. वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. वरचा तांबूस थर जाऊन आत पांढरं दिसलं तर ती ॲल्युमिनियमची, परत द्या. ॲम्पचा अर्थ आखूड हवा आणि जिथे बोल्ट लावणार तिथला रंग घासून पत्रा उघडा करा. आरसीए केबल (टेपमधून ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी) आणि ही पॉवरची वायर गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्या, नाहीतर ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून शिट्टी येते.

दारांच्या कामासाठी काच पूर्ण खाली करून मोजा. स्पीकरचं मॅग्नेट काचेच्या वाटेत येत असेल तर काच खाली आल्यावर अडकते, आणि हे सगळं पॅनल बसवून झाल्यावर कळतं. दाराच्या आतल्या पत्र्याला डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाडू नका, हेअर ड्रायरने डिंक गरम करून हळूहळू सोडवा आणि काम झाल्यावर होता तसाच चिकटवा. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी तो खालच्या भोकांकडे वळवतो. फाटला तर ते पाणी आतल्या पॅनलवर आणि पायाखालच्या चटईत येतं. कोकणातल्या पावसात आठवड्याभरात वास सुटतो. पॅनलच्या क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच, दहा-बारा आधीच आणून ठेवा.

हत्यारं फार नाहीत : दहा नंबरचा पाना, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकच्या पट्ट्या, एक टॉर्च. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने पॅनल उचकटायला गेलात की डॅशवर कायमची खूण राहते. स्क्रू ठेवायला स्वयंपाकघरातल्या तीन-चार वाट्या घ्या, एका जागेचे स्क्रू एका वाटीत. पॅनल सोडवताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा.

जुन्या गाडीचा टेप बॅटरी काढल्यावर कोड मागत असेल तर तो कोड सर्व्हिस पुस्तिकेत शोधून ठेवा, नंतर कधी तोच टेप परत लावावा लागला तर. मीटरने मोजणं उरकलं की चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि काही मिनिटं थांबा. पिवळ्या कपलरना, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना, अजिबात हात लावायचा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात : वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बाहेरून लावलेली सिस्टीम विम्यात आपोआप येत नाही, किंमत सांगून वेगळी घालून घ्यावी लागते. त्यासाठी पक्कं बिल हवं.

गाडी फिटरच्या हाती देण्याआधी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा : सगळे दिवे, हॉर्न, एसी, चारही काचा, सेंट्रल लॉक, स्टिअरिंगची बटणं, मीटरवर कुठला इशारा दिसत नाही ना. काम संपल्यावर पैसे देण्याआधी तीच फेरी पुन्हा करा. डॅश बंद करण्याआधी प्रत्येक जोड स्वतः बघा, पिळलेली वायर दिसली तर तिथेच थांबवा. जुना टेप, त्याच्या बाजूच्या पट्ट्या आणि स्क्रू एका खोक्यात भरून घरी आणा. दुकानात सोडू नका.

रात्री गाडी लावताना बॅटरीचं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोजा. १२.६ चं १२.५ झालं तर काळजी नाही. १२.२ दिसलं तर काहीतरी रात्रभर जागं राहिलं आहे. तेव्हा लाल वायर चुकून कायमच्या करंटवर गेली आहे का, हे आधी तपासा.