मुलांचा ऑर्केस्ट्रा युरोपला नेताना: आधी वाद्यांचा दाखला

पहिलं काम व्हिसा नाही. पहिलं काम वाद्यांची यादी. कोणाकडे कोणतं वाद्य, कोणत्या मापाचं, केसचा (पेटीचा) रंग, अंदाजे किंमत, बिल आहे का, आणि फोटो. क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर बहुधा नंबर कोरलेला असतो, तो उतरवून घ्या. व्हायोलिनला सहसा नंबर नसतो. मोबाइलचा टॉर्च लावून एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या लांबट भोकातून, आत डोकावलं की तळाला चिकटवलेली कागदाची चिठ्ठी दिसते; तिचा फोटो काढा, शिवाय पाठीचा, स्क्रोलचा (मानेच्या टोकाच्या वळणाचा) आणि जुन्या ओरखड्यांचा. चिठ्ठीवर ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस’ वाचून पालकांनी हुरळून जाऊ नये. कारखान्यातल्या स्वस्त व्हायोलिनांतसुद्धा ती सर्रास चिकटवलेली असते. पण कस्टम्सचा माणूस ती वाचून सावध होऊ शकतो, म्हणून बिल जवळ असू द्या.

हा खटाटोप एका कागदासाठी आहे. भारतातून निघताना कस्टम्सकडून घ्यायचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजेच दाखला. ही वाद्यं इथूनच गेली होती, याचा तो पुरावा. तो नसला की परतताना ‘हा चेलो तिकडे विकत घेतला नाही कशावरून?’ याला उत्तर देता देता घाम फुटतो. गेल्या दौऱ्यात आमची माशी इथेच शिंकली. बाकी झाडून सगळे कागद फाइलमध्ये होते, हा नव्हता. पालक बाहेर हार घेऊन उभे आणि आम्ही आत व्हॉट्सॲपवर जुनी बिलं धुंडाळतोय.

वाद्यं माणसांबरोबर न जाता कार्गोने जाणार असतील तर एटीए कार्नेट, म्हणजे वस्तू ड्यूटी न भरता तात्पुरत्या परदेशी नेऊन परत आणायचा कागद, बघावं लागेल. भारतात ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मुलांच्या हातातल्या व्हायोलिन-बासरीसाठी युरोपियन संघात सहसा कार्नेट लागत नाही. स्वित्झर्लंड संघात नाही, तिथलं वेगळं विचारा. कार्नेट केलं तरी निघताना त्यावर इथल्या कस्टम्सचा शिक्का हवाच. शिक्का इथला, निघताना. हे मी पुन्हा सांगणार आहे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथून शिरणार त्या देशाकडे. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, तेव्हा जुलैच्या दौऱ्यासाठी जानेवारीतच हालचाल करा. ‘बोर्डाच्या परीक्षा होऊ देत, मग बघू’ म्हणणारा एक तरी पालक निघतो, त्याला आजच फोन लावा. आणखी एक, जे एजंट आपणहून सांगेलच असं नाही: ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून ना-नफा संस्थेनेच भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शेंगेन व्हिसाचं शुल्क माफ आहे. एरवी बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाचे ९० युरो होतात, म्हणजे तीसेक मुलांचा हिशेब तुम्हीच करा. आमंत्रणपत्रात तसा स्पष्ट उल्लेख मागून घ्या. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा. आई-वडील दोघांचंही नोटरी केलेलं संमतीपत्र. एक जण दुबईला नाहीतर बोटीवर असेल तर ते आधी सुरू करा. लहान मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, तारखा तपासा. शाळेचं पत्र, बँक स्टेटमेंट वगैरे ठाऊक आहेच.

कार्यक्रम ठरवताना एक मेख लक्षात ठेवा. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क, युरोपात ७०. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस १९५७ साली गेला: भारतात २०१८ पासून मोकळा, युरोपात २०२७ अखेरपर्यंत नाही. आयोजकांना स्वामित्वहक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे ऑस्ट्रियात एकेएमकडे आणि जर्मनीत गेमाकडे, रचनांची यादी द्यावी लागते, त्यामुळे वन्स मोअरसाठी राखलेली रचनासुद्धा कळवा. पियानो असेल तर त्याचा ‘ए’ सूर किती हर्ट्झवर लावलाय विचारा. आपण ४४० वर सराव करतो, तिकडे ४४२-४४३ सर्रास. व्हायोलिनवाले जुळवून घेतील, बासरी-क्लॅरिनेटवाल्यांची आयत्या वेळी पंचाईत.

डबल बास आणि टिंपनी तिकडेच भाड्याने. चेलोला एक तर स्वतंत्र सीट, नाहीतर तोही भाड्याने. पण थ्री-क्वार्टर (मुलांसाठीच्या लहान मापाचा) हवा असेल तर आधी मापासकट कळवा. मऊ पिशवीतला चेलो सामानात टाकणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, त्याला तुकडे मोजू देत. मुंबईच्या दमट हवेतून विमानातल्या कोरड्या हवेत गेलं की खुंट्या सरकतात. तारा थोड्या उतरवा, सगळ्या सैल मात्र सोडू नका, आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमधली छोटी काठी) पडतो आणि तो उभा करणारा माणूस रविवारी व्हिएन्नात शोधत बसाल. ओबोवाल्यांची रीड कापायची सुरी, पक्कड, कात्री चेक-इनच्या बॅगेत. पॉवर बँक हातात. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचं काही असलेले जुने बो (गज) घरी ठेवा, साइट्सची, म्हणजे दुर्मिळ प्राण्यांपासूनच्या वस्तूंवरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, भानगड नको. खाऊ आया भरतीलच, फक्त पेढे आणि तूप काढून घ्या. दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपियन संघात नेता येत नाही.

आता विमानतळ. चेक-इनच्या आधी दाखला. चेक-इनच्या आधी! अधिकाऱ्याला यादीबरोबर वाद्य डोळ्यांनी बघायचं असतं, आणि एकदा ते पट्ट्यावरून आत गेलं की दाखवणार काय, केसचा फोटो? पुण्याहून किंवा गोव्याहून दिल्लीमार्गे जाणार असाल तर जास्तच सावध राहा. बॅगांना थेट शेवटपर्यंतचा टॅग लागतो आणि दिल्लीत वाद्य हाती येतच नाही. कस्टम्सच्या कुठल्या टेबलावर, किती वाजता जायचं, हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवा आणि ज्याने विचारलं त्यालाच त्या दिवशी पुढे करा. यादीच्या तीन प्रती. एक जण फक्त या कामाला. बोर्डिंग पास, मुलांची मोजणी, कोणाचा टिफिन राहिला, यातलं काहीही त्याच्याकडे नको. सही-शिक्क्याचा कागद मिळाला की तिथेच फोटो काढून ग्रुपवर टाका, मूळ कागद हातातल्या बॅगेत.

तिकडे गेल्यावरचं फार लिहीत नाही. पोचल्याच्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका. खोलीच्या याद्या आधी, भांडणं नंतर. काळे मोजे जास्तीचे. तारांचे जादा संच, विशेषतः ‘ई’. स्टँडला लावायला कपड्यांचे चिमटे, कारण अंगणातल्या कार्यक्रमात पानं उडतात. रोज रात्री केस मोजायच्या, मुलांइतक्याच गांभीर्याने.

परतताना भाड्याची वाद्यं, अनामत, पावत्या. कोणी तिकडे नवा बो घेतला असेल तर त्याचं बिल वेगळं ठेवा आणि तो दाखल्यातल्या यादीत घुसवू नका. उतरल्यावर कस्टम्समधून दाखलावाला पुढे, बाकीचे त्याच्या मागे, कोणी ‘काका, मी जातो, बाबा आलेत’ म्हणून सटकायचं नाही. मग सामान, आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्या पालकाला, सही घेऊन.