जुन्या अंतराळमालिकेचा पुढचा भाग स्वतः काढताय? या चुका टाळा

सोलापुरात फॅन फिल्मचा, म्हणजे चाहत्यांनीच हौसेने काढलेल्या भागाचा, घोळ बहुतेक वेळा कपड्यांपासून सुरू होतो, कारण इथे कपडे फार सहज मिळतात. गणवेश शिवणारं शहर आपलं. कुणाचा ना कुणाचा मामा, मेव्हणा गारमेंटमध्ये असतोच. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळमालिकेतल्या कॅप्टनचा शर्ट मोबाइलवर दाखवला की कटिंग मास्तर एवढंच विचारतात, "किती पीस काढू?" आठवड्याभरात अख्खं जहाज नटून तयार! गोष्ट मात्र अजून कुणाच्या तरी वहीत दोन पानांवर अडकलेली असते आणि आवाजाचं काय, हे कुणी विचारलेलंच नसतं.

१९६६ ते १९६९ चाललेली ‘स्टार ट्रेक’ घ्या किंवा बीबीसीवर १९६३ला सुरू झालेली, काळप्रवासाची ‘डॉक्टर हू’ घ्या. दोन्हीकडे मोठे देखावे करायला पैसा नव्हता. थोड्याशा भिंती, रंगीत दिवे आणि एकमेकांशी वाद घालणारी माणसं, यावर भागच्या भाग उभे राहिले. तेव्हा त्यांचा पुढचा भाग करताना बोलणंच नीट ऐकू आलं नाही, तर शर्ट कितीही हुबेहूब असो, काही उपयोग नाही.

चादरी टांगून मागांचा आवाज थांबत नाही

पूर्व भागात एखादी खोली फुकट मिळते, तिथेच सेट लागतो आणि शेजारी यंत्रमाग सुरू असतात. मग कुणीतरी हुशारी करतं आणि भिंतींवर सोलापुरी चादरी टांगतं. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, हे खरं. बाहेरून येणारी खटखट मात्र जशीच्या तशी आत येते. घुमारा आणि गोंगाट ही दोन वेगळी दुखणी आहेत.

"एडिटिंगमध्ये काढू की" हे दुसरं ठरलेलं वाक्य. पंख्याची किंवा फ्रिजची एकसारखी घरघर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी जाते. मागाचा दर ठोका वेगळा असतो. तो काढायला गेलात की कॅप्टन पाण्याखालून हुकूम सोडल्यासारखा बोलतो. उपाय दोनच. मागांना सुट्टी असेल त्या दिवशी शूटिंग करा, नाहीतर सगळे संवाद नंतर डब करा. डबिंग करायचं ठरलं, तर अर्धं सीन मूळ आवाजात आणि अर्धं डब असं करू नका. एक अख्खं सीन एकाच माइकवर, एकाच बैठकीत घ्या.

कॉलर माइक लावलाय आणि नुसती खरखर येतेय? माइक बघायच्या आधी कापड बघा. पॉलिस्टर माइकवर घासतं. माइकच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो कापडाला पक्का बसवला की बरंच थांबतं. आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तीच कामी येते. हे सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि पॅकअप म्हटलं की विसरतात.

आता एक सोय. मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये जहाजाच्या नियंत्रण कक्षात सतत काही ना काही टिकटिक, गुणगुण चालूच असते. तशी आवाजाची गादी संवादाखाली अंथरली की बारीकसारीक दोष झाकले जातात. फक्त ती मूळ भागातून उचलू नका, स्वतः तयार करा. ‘डॉक्टर हू’मधल्या टार्डिस या कालयानाचा प्रसिद्ध आवाज बीबीसीच्या ब्रायन हॉजसनने घराची किल्ली पियानोच्या तारांवर घासून काढला होता. आपल्याकडे तर यंत्रमाग आहेत. जवळून रेकॉर्ड केलेला माग चौपट मंद करून ऐका, इंजिनरूम तयार होते.

गोष्ट म्हणजे आठवणींची यादी नव्हे

पहिल्याच पानावर मूळ मालिकेतला शत्रू, दुसऱ्यावर गाजलेला ग्रह, तिसऱ्यावर प्रसिद्ध वाक्य. वाचताना टाळ्या पडतात, बघताना जांभया येतात. पुढचा भाग म्हणजे पुढे काय झालं, याला काहीतरी उत्तर हवं. ‘स्टार ट्रेक कंटिन्यूज’ या अमेरिकी फॅन मालिकेने २०१३ मधल्या पहिल्या भागात असाच एक प्रश्न धरला. १९६७ मध्ये दिसलेल्या अपोलो या पात्राचं पुढे काय झालं? आणि तो करायला मूळ नट मायकेल फॉरेस्टलाच आणलं. त्याआधी २००७ मध्ये ‘न्यू व्हॉयेजेस’ या दुसऱ्या फॅन मालिकेच्या गटाने ‘वर्ल्ड इनफ अँड टाइम’ केला. त्यात मूळ मालिकेत कडेला बसणारा सुलू मध्यभागी आला, तोही तीस वर्षांनी म्हातारा झालेला, आणि भूमिका मूळ मालिकेतला सुलू, जॉर्ज टकेई, यानेच केली. त्या भागाला विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं. नटाचं वय झालं होतं, तर गोष्टच वयाची केली. तुमच्या गटात सगळे विशीतले आणि एकच निवृत्त काका असतील, तर त्यांना पाहुणा अ‍ॅडमिरल करून खुर्चीत बसवू नका. त्यांच्याभोवतीच गोष्ट रचा.

बोलीचंही तेच. त्या जहाजावर जपानी वंशाचा सुलू, आफ्रिकी उहुरा, नंतर आलेला रशियन चेकोव्ह अशी मंडळी मुद्दाम ठेवली होती. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका चहाच्या टेबलावर चालतात आणि तरी कॅमेरा सुरू झाला की सगळेच स्पर्धेतल्या एकांकिकेची मराठी बोलायला लागतात. कशाला? तेलुगू वळणाची मराठी बोलणारा इंजिनीअर जहाजावर सहज खपून जाईल.

लांबीही आवरा. १५ मिनिटांची एक गोष्ट पुरी करणं बारा भागांचा आराखडा काढण्यापेक्षा अवघड आहे. आराखडे मीही बरेच पाहिलेत.

रंग, पट्टे आणि घाम

कापड घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका. मूळ मालिकेत पहिल्या दोन सीझनचे कॅप्टनचे शर्ट प्रत्यक्षात हिरवट होते; दिव्यांखाली, फिल्मवर ते सोनेरी दिसले. तुकडा आणा, तुमच्याच दिव्यात, तुमच्याच कॅमेऱ्यावर बघा, मग ठाण कापा. मागे नंतर अंतराळ टाकायला जो हिरवा पडदा लावतात, त्याच्यासमोर चकाकणारं कापड नकोच. पडद्याची हिरवी झाक अंगावर येते आणि एडिटिंगमध्ये खांदे गायब होतात. पडद्यापासून सात-आठ फूट पुढे उभं राहिलं तरी निम्मा त्रास जातो.

चित्रावर आडवे पट्टे सरकतायत? मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. स्वस्त एलईडी पट्ट्या तरीही लुकलुकल्या तर त्या बदला, दुसरा इलाज नाही.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली शूटिंग ठेवू नका. आवाजासाठी पंखे बंद करावे लागतात आणि चाळीस अंशांच्या पुढे मेकअप टिकत नाही. थंडीत करा, पण संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या जत्रेचे दिवस सोडून.

"पैसे घेत नाही ना, मग काय होतंय?"

होतं. ‘अ‍ॅक्सानार’ नावाच्या ‘स्टार ट्रेक’ फॅन फिल्मने लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर निधी जमवला. डिसेंबर २०१५ मध्ये मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी खटला भरला, जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात, जून २०१६ मध्ये, कंपन्यांनी फॅन फिल्मसाठी नियमच जाहीर केले. एक गोष्ट १५ मिनिटांची, फार तर दोन तुकड्यांत मिळून ३० मिनिटं, आणि त्यापुढे मालिका नाही. काम करणारे हौशी, बिनपगारी. निधी ५० हजार डॉलरपर्यंत. मूळ मालिकेतली दृश्यं वापरायची नाहीत. नावात ‘स्टार ट्रेक’ नको, पण ही फॅन निर्मिती आहे असं उपशीर्षक हवं. मूळ मालिकेत काम केलेल्यांना घेता येत नाही, असंही एक कलम आहे. सोलापूरकरांना त्याची फारशी धास्ती नसावी.

आपल्याकडे पाय घसरतो तो वेगळ्याच ठिकाणी. हुतात्मा स्मृती मंदिरात शो ठेवायचा आणि हॉलचं भाडं निघावं म्हणून पन्नास रुपये तिकीट लावायचं. श्रेयनामावलीत दुकानाची जाहिरात घ्यायची. किंवा दहा शर्टांच्या जागी शंभर काढून, बिल्ल्यासकट नव्या पेठेत विकायला ठेवायचे. तिन्ही ठिकाणी हौस संपून धंदा सुरू होतो. "मालिका पन्नास-साठ वर्षं जुनी आहे, आता मोकळी झाली असेल" हाही भ्रम. भारतीय कायद्यात लिखाणावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मालिका दुसरी असेल तर नियमही दुसरे. तिच्या मालकांनी काय जाहीर केलंय ते संहिता लिहिण्याआधी वाचा.

हे सगळं जड वाटत असेल, तर नुसतं श्राव्य नाटक करा. ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांनी १९८०च्या दशकात ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ नावाने कॅसेटवर स्वतःची नाटकं काढली. त्यातलेच काही जण पुढे ‘बिग फिनिश’ या श्राव्य नाटकांच्या कंपनीत गेले आणि १९९९पासून परवाना घेऊन अधिकृत श्राव्य भाग काढू लागले. त्यांच्यातला निकोलस ब्रिग्ज २००५पासून टीव्हीवर डालेकांचा, म्हणजे डॉक्टरच्या यंत्रासारख्या दिसणाऱ्या शत्रूंचा, आवाज देतो.

अपलोड झालं की फाइल उडवून मोबाइल मोकळा करायची घाई नको. बीबीसीने ‘डॉक्टर हू’च्या जुन्या टेप पुसल्या, त्यामुळे १९६०च्या दशकातले कितीतरी भाग चित्ररूपात हरवले. आवाज मात्र सगळ्यांचा शाबूत आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो भरून ठेवला होता. तेव्हा संवादांचे मूळ ट्रॅक, संगीत आणि इंजिनाची गुणगुण वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. एक प्रत तुमच्याकडे, दुसरी गटातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी, आणि फाइलच्या नावात ‘फायनल फायनल २’ न लिहिता सीन क्रमांक लिहा.