टर्मिनलवर पांढरं-निळं साचतंय? नुसतं ग्रीस थापून भागत नाही

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा भुगा दिसला की बहुतेक जण काय करतात, वरून गरम पाणी ओततात, फडक्याने पुसतात, बोटभर ग्रीस थापतात आणि बॉनेट बंद. दिसायला चकाचक, पण केबलच्या टोकाचा क्लॅम्प आणि बॅटरीचं टर्मिनल जिथे एकमेकांना टेकतात तिथली घाण जागच्या जागी, वरून आता ती झाकली पण गेली. सेल्फ मारताना कारमध्ये या जोडातून शंभर-दीडशे अँपिअर सहज जातात, म्हणजे जोडात ०.०१ ओहम एवढासा अडथळा असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खलास. मग बॅटरी नवीकोरी का असेना, सेल्फ कण्हत-कुंथतच फिरणार, आणि दोष मात्र बॅटरीला.

हे साचतं कशामुळे, तर चार्जिंग होताना बॅटरीतून गॅस निघतो, त्याच्यासोबत अ‍ॅसिडचे बारीक कण बाहेर येतात आणि धातूवर बसतात. पांढरं असतं ते शिशाचं सल्फेट, निळं-हिरवं दिसलं तर ते तांब्याचं, म्हणजे आपलं मोरचूद. निळं दिसलं की समजायचं, केबल किंवा क्लॅम्पमधलं तांबं खाल्लं जातंय, तिकडे जरा जास्त लक्ष द्या.

आता काम. इंजिन बंद, हातात ग्लोव्हज, डोळ्यांवर गॉगल, अंगठी-कडं काढून ठेवा, आणि बॅटरी चार्जरवरून आत्ताच काढली असेल तर थोडं थांबा कारण निघालेला गॅस हायड्रोजन असतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. आधी निगेटिव्ह सोडायची, मग पॉझिटिव्ह, बसवताना बरोबर उलटं. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. क्लॅम्प जाम असेल तर बोल्ट ढिला करून क्लॅम्पचं तोंड स्क्रू ड्रायव्हरने हलकेच फाकवा, किंवा पुलर (क्लॅम्प सरळ वर ओढून काढायचं हत्यार) वापरा. हातोडी नको, पिरगाळून ओढणंही नको. शिसं मऊ असतं आणि टर्मिनलच्या बुडाशी असलेलं सील एकदा तडकलं की अ‍ॅसिड तिथूनच झिरपत राहतं, मग कितीही साफ करा, परत तेच.

कपभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून ते पाणी टर्मिनलवर आणि क्लॅम्पवर थोडं थोडं ओता, फेस येईल, फेस यायचा थांबेपर्यंत करत राहा. नुसत्या गरम पाण्याने अ‍ॅसिड मरत नाही, वाहून खालच्या ट्रेवर जातं आणि तो पत्रा खातं. सेलची झाकणं मात्र घट्ट बंद हवीत, सोडा आत गेला तर सेलमधल्या अ‍ॅसिडची वाट लागते. मग साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, आणि वायर ब्रश किंवा पॉलिश पेपरने टर्मिनलची बाहेरची बाजू आणि क्लॅम्पची आतली बाजू धातू चमकेपर्यंत घासा. क्लॅम्पची आतली बाजू सगळे विसरतात, खरा करंट तिथूनच जातो.

बसवताना माझा क्रम ठरलेला: कोरडं बसवायचं, घट्ट करायचं, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा टर्मिनल स्प्रेचा पातळ थर, बोल्ट-नट आणि केबलचं टोक सगळं झाकलं जाईल असा. ग्रीस करंट वाहून नेत नाही, त्याचं काम हवा-ओल-अ‍ॅसिड बाहेर ठेवणं एवढंच. घट्ट म्हणजे हाताने पिरगाळून क्लॅम्प हलता कामा नये, पण पान्यावर लोंबकळूही नका. बोल्ट पूर्ण आवळून क्लॅम्पची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली आणि तरी क्लॅम्प फिरतोय, तर क्लॅम्प संपलाय, बदला. क्लॅम्पखाली, टर्मिनलच्या बुडाभोवती घालायचे फेल्ट वॉशर (जाड कापडी चकत्या) मिळतात, स्वस्त आणि कामाचे.

आणि अर्थची, म्हणजे निगेटिव्हची केबल जिथे बॉडीला, इंजिनला बोल्टने लागते ते टोक बघितलं का? तिथेही गंज धरतो, रंगावरच लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) बसवलेला असतो. तेही घासून, कोरडं करून, घट्ट.

मल्टीमीटर असेल तर एक प्रोब थेट टर्मिनलच्या शिशावर, दुसरा क्लॅम्पवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर जोड मस्त, ०.२ च्या वर गेलं तर परत उघडा.

एवढं करूनही लवकरच परत साचायला लागलं तर घासत बसू नका, कारण शोधा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा, साधारण १३.८ ते १४.५ असायला हवं, १५ च्या पुढे जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गंडलाय आणि बॅटरी उकळतेय. डिस्टिल्ड वॉटर खुणेच्या वर भरलंय का, बॅटरीची पट्टी ढिली होऊन ती हादरतेय का, हेही बघा. आणि केबल क्लॅम्पजवळ फुगलेली, कडक लागली तर रबर थोडं कापून आत बघाच, तारा काळ्या-हिरव्या निघाल्या तर लालबुंद तांबं दिसेपर्यंत मागे कापून नवीन लग क्रिंप करा, म्हणजे दाबून पक्का बसवा, आणि वर आतून गोंद असलेली, गरम केली की आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा. केबल तेवढी लांब उरत नसेल तर सरळ नवीन टाका.