टाइम ट्रॅव्हलच्या कॉमिकचा शेवट कसा करावा

अशोक चौकातल्या पोरांना मी सुट्टीत कॉमिक काढायला शिकवतो. हिरोला भूतकाळात सगळेच पाठवतात; गोची होते ती गोष्ट आवरताना. आधी ठरवा, काळ बदलला तर किंमत कोण मोजणार?

एक्स-मेन या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचे १४१ आणि १४२ हे अंक (१९८१) बघाच. २०१३ सालातली नायिका केट १९८० मध्ये येऊन सिनेटर केलीची हत्या टाळते, कारण त्या हत्येमुळेच तिचा काळ उद्ध्वस्त झालेला असतो; पण तिचं भविष्य वाचलं का, हे दाखवतच नाहीत. उलट राष्ट्राध्यक्षच सेंटिनल यंत्रमानवांच्या, म्हणजे तिच्या काळात हिरोंची शिकार करणाऱ्या यंत्रांच्या, योजनेला हिरवा कंदील देतात. असा शेवट डोक्यात राहतो.

आमच्या एकाचा हिरो बंद पडलेली मिल वाचवायला मागे गेला. शेवटी पानभर भाषण: काळाचे नियम, समांतर जग, सगळं. म्हटलं, "एवढं कोण वाचणार बे? भोंगा वाजव की!" मग भोंगा आला, सायकलींची रांग आली, आणि हिरोच्या घरात दुसरंच कुटुंब कडक भाकरी अन् शेंगाचटणी खात बसलेलं. भाषण खोडलं.

'हे सगळं स्वप्न होतं' लिहिणार असाल तर कागद वाया घालवू नका. शाई भरण्याआधी पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. बदललेली एक तरी वस्तू दोन्हींत दिसली पाहिजे.