पिल्लाच्या अंगाला गाठ लागली तर आधी काय बघायचं

आमचा चिकू, म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू, अडीच महिन्यांचा होता, मांडीवर उताणा झोपलेला, पोट चोळता चोळता बेंबीपाशी हरभऱ्याएवढं काहीतरी मऊ हाताला लागलं आणि माझ्याच पोटात गोळा आला.

तर आधी गाठ नेमकी कुठंय ते बघा. बेंबीवर असेल, मऊ असेल आणि बोटाने हलकेच दाबल्यावर आत जात असेल तर बहुतेक हर्निया, म्हणजे पोटाच्या स्नायूत राहिलेल्या भोकातून आतला भाग बाहेर आलेला, लहान असला तर साधारण ६ महिन्यांपर्यंत बऱ्याचदा आपोआप बंद होतो, नाहीतर नसबंदीच्या वेळीच टाके घालून टाकतात. पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. पण तीच गाठ कडक झाली, आत जाईना, पिल्लू उलट्या करतंय, हात लावू देत नाहीये, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा, आतडं अडकलेलं असू शकतं!

मानेवर, खांद्यापाशी असेल तर लस कधी दिली ते आठवा. इंजेक्शनच्या जागी छोटी गाठ येते, दोन-तीन आठवड्यांत जिरते. केस बाजूला करून टॉर्चने पण बघा, कधीकधी ती रक्त पिऊन फुगलेली गोचीड निघते. गरम, दुखरी असेल तर पू झालेला असू शकतो, लगेच दाखवा.

दोन-तीन दिवसांनी शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढत जा, वाढतेय का ते लगेच कळतं. पिळू नका, फोडू नका, आणि आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तर अजिबात देऊ नका, पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं.