घरातले पाणी, बागेतले पाणी: बचत कुठून सुरू करावी

पाणी वाचवण्याचा विषय निघाला की दात घासताना नळ बंद ठेवावा, हा सल्ला सर्वांत आधी दिला जातो. तो योग्यच आहे. परंतु घरातले बहुतेक पाणी तिथे जात नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी त्यातले फार थोडे लागते. उरलेले न्हाणीघर, संडास, धुणी-भांडी आणि गळती यांत जाते, आणि यांपैकी गळतीचा कोणालाच काही उपयोग नसल्याने सुरुवात तिथूनच करावी.

स्वतंत्र घर असेल तर रात्री निजण्यापूर्वी गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून पाण्याची पातळी खडूने टिपून ठेवावी आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी ती पुन्हा पाहावी. रात्रीत टाकी भरली जाणार नाही, एवढे मात्र जपावे. पातळी उतरली असेल तर पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा. तिच्यात खाण्याचा रंग किंवा बीटाचा रस मिसळावा आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला, तर आतली रबरी झडप नीट बसत नाही असे समजावे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी सुमारे २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली, वाया घालवतो. बहुतेक वेळा त्यातला वायसर बदलला की काम भागते, आणि तेवढ्यासाठी प्लंबरची वाट पाहण्याचे कारण नाही.

जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी सोडतात. टाकी बदलणे शक्य नसेल तर वाळू आणि पाणी भरलेली एक लिटरची बाटली, बॉलकॉकला अडणार नाही अशा बेताने, आत ठेवावी. प्रत्येक वेळी साधारण तेवढे पाणी वाचते. वीट ठेवू नये, ती झिजून तिचा भुगा झडपेत अडकतो. बाटलीमुळे फ्लश दोनदा ओढावा लागत असेल तर ती सरळ काढून टाकावी.

शॉवरमधून मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी येते, त्यामुळे दोन मिनिटांत बादलीभर पाणी संपते. अंघोळ बादली-तांब्यानेच करावी, हे वेगळे सांगायला नको. मात्र सौरबंब असलेल्या घरांत एक निराळीच नासाडी होते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपात रात्रभर थंड झालेले पाणी आधी येते आणि गरम पाण्याची वाट पाहत ते मोरीत सोडले जाते. नळाखाली एक जादा बादली ठेवून ते धुण्याला वापरावे आणि गरम पाण्याच्या पाइपाला उष्णतारोधक वेष्टन करून घ्यावे.

आरओ यंत्र एक लिटर पाणी गाळताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची सहसा गरजच नसते. यंत्र असेलच तर त्याचे सांडपाणी फरशी पुसण्यासाठी आणि संडासासाठी वापरावे. कुंड्यांना ते रोज घालू नये, कारण क्षार मातीत साठत जातात. नळाला ताजे पाणी आले की झाकलेल्या, स्वच्छ पिंपातले कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याची सवयही सोडावी. पाणी एका दिवसात शिळे होत नाही; पिण्याला नको वाटल्यास ते धुण्याला चालते.

बागेत पाणी कमी पडण्यापेक्षा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी पडते. भर दुपारी पाइपने पानांवर मारलेल्या फवाऱ्यातले बरेचसे पाणी मुळांपर्यंत पोहोचतच नाही. सकाळी लवकर, बुंध्याशी, सावकाश पाणी द्यावे. कुंडीत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये, वरची माती कोरडी दिसली तरीही. मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्या की उन्हाळ्यातही ओल बरीच टिकते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना खुशाल घालावे, साबणाच्या पावडरीचे टाळावे.

दुधी, कारली, दोडका अशा वेलांसाठी मडक्याची जुनी पद्धत उत्तम आहे. न रंगवलेले, सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरून, पाणी भरून त्यावर झाकण ठेवावे आणि भोवती बिया लावाव्यात. माती कोरडी होईल तसे पाणी पाझरते. मुळे मडक्याकडे वळतात. झाकण टाळू नये, नाहीतर डासांची पैदास होते. हिरवळीचा हट्ट मात्र कमी पाण्याच्या गावात धरू नये. कण्हेर, बोगनवेल, सदाफुली तिथे अधिक शोभतात.

पावसाचे गणित सोपे आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पावसाच्या गावी १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७० हजार लिटर पडते, आणि वीस टक्के घट धरली तरी ५६ हजार हाती लागते. गच्ची मे महिन्यातच झाडून घ्यावी, पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू द्यावे आणि नंतरचे पाणी गाळणीतून टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. न गाळलेले पाणी बोअरमध्ये थेट कधीही सोडू नये.