चिनी सुरी ‘ओरिजनल’ आहे का? पारख करताना या चुका टाळा

मिटतो तो चाकू आणि मिटत नाही ती सुरी, हा भेद आपल्या भाषेत जुना आहे. ऑनलाइन दुकानांनी सुरीला ‘फिक्स्ड ब्लेड’ म्हणायला सुरुवात केली एवढेच. राजगडावर मुक्कामाला कांदा चिरण्यासाठी, दोर कापण्यासाठी किंवा घरच्या बागेत काम करण्यासाठी स्वस्त चिनी सुऱ्या पुण्यात आता बऱ्याच जणांच्या सॅकमध्ये दिसतात. घेणारा प्रत्येक जण ‘ओरिजनल आहे का?’ असे विचारतो, परंतु या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात: जिचे नाव आहे त्याच कंपनीने ती बनवली आहे का, नमुना त्या कंपनीचा स्वतःचा आहे का, आणि पोलाद सांगितले तेच असून त्याला पाणी (म्हणजे तापवून, झपाट्याने थंड करून आणलेला कडकपणा) नीट दिले आहे का. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ आले म्हणून तिसऱ्याचे आपोआप ‘हो’ येत नाही. माझ्या पहिल्या सुरीचा खोका, छाप आणि पावती सगळे खरे होते, तरीही ओला बांबू तासताना तिची धार कागदाच्या कडेसारखी वळली. भोसरीत हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क करणाऱ्या एका शेडमध्ये तिचा कडकपणा मोजून घेतला, तेव्हा रॉकवेल ‘सी’ मापावर काटा ५३ वर थांबला. अशा सुरीकडून ५८च्या आसपासची अपेक्षा असते.

पात्यावरच्या अक्षरांवर विसंबणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. ‘यूएसए’ अशी अक्षरे कोरलेली असली म्हणजे वस्तू अमेरिकेत बनली असे होत नाही. ‘रोस्टफ्राय’ हा जर्मन शब्द तर फक्त ‘गंज न लागणारे’ एवढेच सांगतो. तो कोणत्याही देशात, कोणत्याही पात्यावर उमटवता येतो. त्या मानाने ‘सोलिंगेन’ या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहराच्या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, आणि म्हणूनच पाचशे रुपयांच्या सुरीवर ते दिसले तर विश्वास नव्हे, संशय वाढला पाहिजे. नुसते ‘४४०’ (स्टेनलेस पोलादाची एक जात) लिहिलेले असेल तर ते अर्धेच विधान आहे, कारण ४४०ए मध्ये कडकपणा देणारा कार्बन सुमारे ०.६० ते ०.७५ टक्के असतो आणि ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के, ज्याच्याकडे ‘सी’ आहे तो ते अक्षर लिहायला सहसा विसरत नाही.

अक्षरेच वाचायची असतील तर खोक्यावरच्या चिकटपट्टीवरची वाचावीत. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत असणे बंधनकारक आहे. बोहरी आळीत असो वा मोबाइलवर, ज्या सुरीच्या खोक्यावर यातले काहीच नाही, तिच्याबद्दल तक्रार करायची वेळ आली तर ती कोणाकडे करणार, हा प्रश्न पैसे देण्याआधीच विचारावा.

‘चिनी म्हणजे नक्कल’ असे समजणे हीदेखील चूकच आहे. ग्वांगडोंग प्रांतातील यांगजियांग हे शहर सुऱ्या-कात्र्यांचे मोठे केंद्र आहे. काइझर, सिव्हिव्ही यांसारखे चिनी ब्रँड स्वतःचे नमुने काढतात, आणि सीआरकेटीसारखी अमेरिकी कंपनी आपला बराच माल उघडपणे चीनमध्ये बनवून घेते. तेव्हा अमेरिकी नावाखाली ‘मेड इन चायना’ दिसले की ती बनावटच, असा निष्कर्ष काढू नये. ते विशिष्ट मॉडेल कंपनी कुठे बनवते हे तिच्या संकेतस्थळावर पाहावे. तिथेच वजन, पात्याची लांबी आणि जाडी दिलेली असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि व्हर्नियर एवढ्यावर बनावट माल पुष्कळदा उघडा पडतो, कारण नक्कल करणारा बाहेरचा आकार हुबेहूब उचलतो, पण मुठीखालचे पोलाद वाचवतो. चार-पाच ग्रॅमचा फरक समजू शकतो, चाळीसचा नाही.

दमास्कसची, म्हणजे पोलादाचे थर जोडून आलेली लाटांची नक्षी पाहून भुलणाऱ्यांसाठी एकच सूचना पुरेशी आहे. साध्या स्टेनलेस पात्यावर लेसरने उमटवलेली नक्षी पॉलिश पेपरने घासली की कायमची जाते. खरी थरांची नक्षीही घासल्यावर पुसट होते, मात्र फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवल्यावर ती पुन्हा वर येते.

आता पोलादाकडे वळू. चिनी पोलादाचे नाव वाचता येते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ‘८सीआर१३एमओव्ही’ या नावात पहिला आकडा कार्बनचा, म्हणजे साधारण ०.८ टक्के, आणि ‘सीआर’नंतरचा क्रोमियमचा, म्हणजे १३ टक्के, पुढच्या अक्षरांचा अर्थ थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हाच हिशेब ‘३सीआर१३’ला लावला तर कार्बन जेमतेम ०.३ टक्के निघतो, आणि अशा पात्याची धार का टिकत नाही हे दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही. ‘डी२’ हे टूल स्टील, म्हणजे अवजारांचे पोलाद आहे. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का व क्रोमियम १२ टक्के असले, तरी क्रोमियमचा बराच भाग कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी झालेल्या कठीण संयुगात, अडकून पडतो, त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नसते. पावसाळी ट्रेकनंतर डी२च्या पात्यावर तांबूस ठिपके दिसले म्हणून ‘पोलाद खोटे निघाले’ अशी ओरड करणारे खऱ्या पोलादाला खोटे ठरवत असतात.

चुंबकाची परीक्षाही अशीच उलटी वापरली जाते. ‘चुंबक चिकटला, म्हणजे हलके लोखंड’ हा समज भांड्यांच्या दुकानातून आला आहे. पाणी देऊन कडक होणारे सुरीचे पोलाद, मग ते स्टेनलेस असले तरी, चुंबकाला चिकटतेच. न चिकटणारे पाते ताट-वाट्यांच्या जातीचे असते आणि पाणी देऊन ते कडक होतच नाही. चुंबकाचा खरा उपयोग मुठीवर आहे. छोटा चुंबक पात्याकडून मुठीच्या टोकाकडे सरकवत न्यावा. ओढ जिथे संपते तिथे आतला टँग, म्हणजे मुठीत शिरलेला पात्याचा भाग, संपतो. ‘फुल टँग’ म्हणून विकलेल्या सुरीत ही ओढ मुठीच्या मध्यावरच संपली, तर सुरी परत करावी. टोकाला लोखंडी टोपी असेल तर मात्र तिथे लागणारी ओढ हिशेबात धरू नये.

पोलादाचे नाव खरे असूनही पाणी बिघडलेले असू शकते, आणि स्वस्त मालात खरी मेख इथेच असते. कानस फिरवून पाहण्याची रीत चांगली असली तरी तिची मर्यादा ओळखावी: चांगली कानस जवळपास ६२ ते ६५ रॉकवेलची असते, त्यामुळे ती पात्यावरून निसटली तर पाते निदान मऊ नाही एवढे कळते, पण ५६ आणि ५९ यांतला फरक हाताला क्वचितच कळतो. त्यापेक्षा मला पितळी सळईची परीक्षा अधिक बोलकी वाटते. तांबट आळीच्या परिसरात मिळेल तशी सहा मिलिमीटरची पितळी सळई शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) घट्ट बसवावी, धार लावताना धरतो त्याच कोनात पाते तिच्यावर टेकवावे आणि हलका दाब देत धार सळईवरून पुढे न्यावी. उजेडात पाहिले तर दाबाखाली धार किंचित वाकताना दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी बरोबर आहे, वाकलेलीच राहिली तर पाते मऊ आहे आणि कण उडाले तर ते ठिसूळ आहे. धारेमागचा भाग फार जाड असेल तर धार वाकतच नाही, आणि तेव्हा या परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. रॉकवेल मशीनवर मोजायचे झाल्यास मुठीलगतच्या सपाट भागावर मोजायला सांगावे, कारण उतरत्या भागावरचे माप चुकते. शिवाय तिथे बारीक खड्डा पडतो आणि मग सुरी परत करता येत नाही. म्हणून खूण न उमटवणारी तपासणी, म्हणजे वजन, मापे, चुंबक आणि धारेच्या रेषेतून डोळा लावून पात्याचा सरळपणा पाहणे, परतीची मुदत संपण्यापूर्वीच उरकून घ्यावी.

इथे एक घाई टाळली पाहिजे. नवी सुरी पहिल्याच दिवशी बोथट झाली म्हणून तिला लगेच मोडीत काढू नये. कारखान्यात कोरड्या पट्ट्यावर भरभर धार काढताना टोकाचा बारीक पदर तापून मऊ पडतो किंवा धारेवर बर, म्हणजे घासताना वळलेली बारीक कड, तशीच राहते. दगडावर पाणी टाकून दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांच्या कोनात दोन-तीन वेळा धार लावली की खालचे चांगले पोलाद वर येते, आणि तीच सुरी वेगळीच वागू लागते. तिसऱ्या वेळेनंतरही धार वळत असेल तर दोष पाण्याचाच समजावा. त्यावर घरगुती उपाय नाही. हेच काम सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे दिले आणि ठिणग्यांच्या वर्षावात टोक निळसर झाले, तर चांगल्या पोलादाचेही पाणी उतरते. त्याला पाते मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगावे. तो हसेल, पण बुडवेल.

कायद्याबाबत थोडक्यात सांगायचे तर शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा विचार वेगळा होतो, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तरीही पुण्यात सणासुदीला किंवा बंदोबस्ताच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यावर मनाईचे आदेश निघतात, त्यामुळे सुरी कमरेला लावून स्वारगेटच्या गर्दीत फिरण्यापेक्षा ती सॅकच्या तळाशी गुंडाळून ठेवणे शहाणपणाचे आहे.

घरी ठेवतानाही एक चूक सर्रास होते. चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते आणि कमावलेल्या चामड्यातले क्षार पात्याला डाग पाडतात. जून ते सप्टेंबर या काळात सुरी पुसून, तेलाचा हात फिरवून म्यानाबाहेर कोरड्या कापडात ठेवावी आणि म्यान वेगळे टांगावे.